मुकादमाचा श्वास

"मेलाय तो, ताई," धाकटी तिसऱ्यांदा म्हणाली.

"तू माणसांचं बघ, बये. मासे माझ्याकडे राहू देत," थोरली म्हणाली, आणि कोपरापर्यंत टाकीत बुडवलेला हात तिने पुन्हा हळूच पुढे नेला. हातात मासा होता. आडवा पडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी धरलेला, तोंड बुडबुड्यांकडे केलेलं.

काल संध्याकाळपासून हेच चाललं होतं, आणि आता दुपार कलली होती. दोघींनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. थोरलीचं हे रंगीत माशांचं दुकान. गुदमरलेले मासे परत आणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लोक पिशवीत उताणा पडलेला मासा घेऊन रडवेले यायचे आणि पोहता मासा घेऊन जायचे. पुस्तकात वाचून नव्हे, चुकून चुकून ती शिकली होती. मासा पुढेच सरकवायचा, मागे कधी ओढायचा नाही, नाहीतर कल्ल्यांत पाणी उलटं शिरतं. आणि कल्ल्यांच्या आतला लाल रंग गेला, पांढरा पडला, की थांबायचं. हा नियम तिचाच.

याचे कल्ले कालपासून पांढरे होते. डोळ्यांवर साय धरली होती. वास तर दारापर्यंत येत होता. धाकटीने पस्तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढली होती, त्या वासाबद्दल तिला कुणी काही सांगायला नको होतं.

बाकीच्या बावीस टाक्या कोरड्या होत्या. तीन वर्षांत थोरलीने एकेक करून सगळे मासे वाटून टाकले, हा एवढा ठेवला. हातभर लांब, काळा, म्हातारा. गिऱ्हाईक आलं की काचेशी येऊन कामावर देखरेख केल्यासारखा उभा राहायचा, म्हणून त्याचं नाव मुकादम. धाकटी म्हणायची, माझ्याकडे राहायला ये. थोरलीचं उत्तर ठरलेलं होतं. मुकादम आहे तोवर इथे, तो गेला की दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे. आणि तिने शब्द दिला म्हणजे दिला.

धाकटीने दुसरा पलंग घेऊन ठेवला होता. गादीवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. संध्याकाळी त्या दोन खोल्यांत ती स्वतःचीच नाडी मोजत बसायची. दुसऱ्या कुणाची मोजणार?

म्हणून काल तिने ते केलं. थोरली डोळे दाखवायला लांब गेली होती, दिवसभर. सकाळी दहा वाजता धाकटीने हवेच्या पंपाचं बटण बंद केलं. बुडबुड्यांचा आवाज थांबला तेव्हा दुकान केवढं मोठं आहे, ते तिला कळलं. दुपारी मुकादम वर येऊन हवा ओढू लागला. तोंड उघडत होता, मिटत होता, आणि सारा वेळ तिच्याकडेच बघत होता. ती खुर्ची फिरवून बसली. चारला तिने बटण पुन्हा चालू केलं. संध्याकाळी थोरलीला सांगितलं, वीज गेली होती.

"हात लावून बघ ना," ती आता म्हणाली. "ताठ झालाय. किती वेळ ओढणार आहेस?"

"तो घेईपर्यंत."

"काय घेईपर्यंत?"

थोरलीने मासा आणखी थोडा पुढे सरकवला. तिचे ओठ किंचित उघडे होते. ती फार सावकाश श्वास घेत होती... आणि तिच्या हातातल्या माशाचे कल्ले उघडले.

धाकटीला वाटलं, पाण्याच्या हेलकाव्याने उघडले असतील. तिने पुढे होऊन पंप बंद केला. थोरलीने तिला अडवलं नाही. पाणी स्थिर झालं. दुकानात काहीच वाजत नव्हतं. कल्ले मिटले. पुन्हा उघडले. आत सगळं पांढरंच होतं.

सवयीने धाकटीची नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली. ती मोजू लागली. मासा दमला की भराभर कल्ले मारतो, तेवढं तिलाही आता ठाऊक होतं. हा भराभर नव्हता. मिनिट भरलं. सोळा. झोपलेल्या रोग्याच्या कागदावर ती रोज लिहायची तो श्वासांचा आकडा.

तिने थोरलीच्या छातीकडे पाहिलं. ती हलत नव्हती. मुकादमाचे कल्ले मिटले, तेव्हा कुठे थोरलीने श्वास सोडला.

"ताई... खाली ठेव त्याला."

"का? तुला ऐकायचं होतं ना, मेलाय की नाही ते?"

"नाही मेला. माझं चुकलं." धाकटीला आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. ती सांगू लागली, तू इथेच राहा, माझं काय, मी येत जाईन अधूनमधून. तीन वर्षं ज्यासाठी भांडली, त्याच्याच उलट ती भांडत होती. दुकान नको मोडूस, म्हणाली. त्याला इथली सवय आहे. एवढी मोठी टाकी माझ्याकडे मावायची नाही, असंही म्हणाली. बोलता बोलता ती दाराकडे सरकत होती.

थोरली शांतपणे ऐकत होती. मग तिने दोन्ही हात वर काढले. मुकादमाला पदरावर घेतलं, तान्ह्या पोराला घ्यावं तसं. पाणी निथळून जमिनीवर ओघळलं आणि थांबलं. पदरात कल्ले उघडत होते, मिटत होते. साय धरलेला डोळा धाकटीकडे होता.

काहीतरी करायचं म्हणून धाकटीने कोपऱ्यातली बादली उचलली आणि नळाखाली धरली. 

"शब्द दिलाय, येते मी तुझ्याकडे... आणि बादली राहू दे, त्याला आता पाणी लागत नाही."