शेंडगे बाईंचं बोट

काचफळ्याला शेंडगे बाईंचं बोट दिसत नव्हतं. वर्गातल्या एकतीस मुलांची बोटं त्याला दिसत, शिपाईकाकांचं दिसे. पण बाईंनी बोट टेकवलं की तो गोड आवाजात म्हणे, "स्पर्श आढळला नाही. कृपया योग्य पद्धतीने हाताळा."

"योग्य पद्धत म्हणजे कसली रे मेल्या?" बाई ओरडायच्या. फळा पुन्हा तेच म्हणायचा, तितक्याच गोड आवाजात.

साल होतं २०४३. जत तालुक्यातल्या माळेवस्तीच्या शाळेत हा फळा येऊन आठ दिवस झाले होते. त्याआधी सत्तावीस वर्षं विमल शेंडगे बाई खडूने शिकवत होत्या. त्यांनी शिकवूनही अपूर्णांक कळले नाहीत, असं पोर वस्तीत शोधून सापडलं नसतं. आणि आता एक काच त्यांना रोज मुलांसमोर नापास करत होती. नुसती बोलून थांबत नव्हती, तर प्रत्येक फसलेला स्पर्श मोजून शिक्षकाचे 'हाताळणी गुण' तालुक्याला कळवत होती. बाईंना मिळाले होते शंभरपैकी चार.

गुरुवारी केंद्रप्रमुख दुधाळ सर आले. त्यांनी एका बोटाने फळा उघडला आणि हसून म्हणाले, "बघा, किती सोपंय! बाई, या वयात नाही जमायचं हे. मनाला लावून घेऊ नका. सोमवारपासून तालुक्याचे सर फळ्यावरून शिकवतील. तुम्ही फक्त मुलांना गप्प बसवायचं."

बाईंची कानशिलं तापली. सरांची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत त्यांनी दातावर दात दाबून धरले. मग वळल्या आणि फळ्याला सणसणीत चापट मारली.

"स्वागत आहे," फळा म्हणाला आणि उघडला.

पहिल्या बाकावरची, पाचवीतली रुक्साना मुजावर हळूच म्हणाली, "बाई, त्याला चापट कळते, मग बोट का कळत नाही?"

बाई तिच्यावर खेकसणारच होत्या, पण थांबल्या. प्रश्न अगदी बरोबर होता.

"दप्तरं उघडा," त्या म्हणाल्या. "चमचे, पट्ट्या, डब्यातलं काय असेल ते, सगळं बाहेर काढा. आज या काचेची परीक्षा!"

प्लॅस्टिकची पट्टी टेकवली, काही नाही. खोडरबर टेकवलं, काही नाही. स्टीलचा चमचा हातात धरून टेकवला, तर फळा लगेच उघडला. काकडीच्या फोडीलाही "स्वागत आहे" म्हणाला. मग बाईंनी चमच्याच्या दांड्याला मफलर गुंडाळला आणि रुक्सानाला तसाच धरायला लावला. फळा हलला नाही.

"चमचा तोच आहे. मग बिघडलं कुठे?"

"मधे मफलर आला!" चार-पाच जण एकदम ओरडले.

"म्हणजे त्याला चमच्याशी देणंघेणं नाही. चमच्यामागचं माणूस त्याला हवंय."

फळ्यासोबत आलेलं माहितीपुस्तक कपाटात तसंच पडलं होतं. बाईंनी ते काढलं, दोन पानं रागारागाने वाचली, तिसरं सावकाश वाचलं. मग जुन्या काळ्या फळ्यावर खडूने एक जाळी काढली.

"काचेखाली अशी न दिसणाऱ्या तारांची जाळी आहे. तारांवर चिमूटभर विद्युतभार (साठून राहिलेली वीज) असतो. आपल्या अंगात खारं पाणी आहे, म्हणून आपण विद्युतवाहक (ज्यातून वीज वाहू शकते असे) आहोत. बोट काचेजवळ आलं की त्या जागचा थोडा भार बोटाकडे ओढला जातो. जाळीत जिथे फरक पडला, तिथे बोट आहे असं फळा धरून चालतो."

"मग शॉक नाही का बसत?"

"इतका थोडा भार मुंगीलाही कळायचा नाही."

"पण बाई, तुमच्या बोटातही पाणी असेलच की," रुक्साना म्हणाली.

बाईंनी स्वतःचं बोट उजेडात धरलं. सत्तावीस वर्षांच्या खडूने आणि माळावरच्या कोरड्या थंडीने त्याचं टोक दगडासारखं झालं होतं, भेगाळलेलं.

"पाणी आहे, पण आत. वर ही वाळलेली जाड कातडी, मफलरसारखी. त्यामुळे फरक इतका थोडा पडतो की फळा तो मोजतच नाही. तळहात मात्र मोठा आणि मऊ. शिवाय रागाने घामेजला होता!" त्यांनी पाण्याच्या बाटलीत बोट बुडवून फळ्याला लावलं. फळा उघडला.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाई मात्र जास्तच भडकल्या.

"म्हणजे आठ दिवस माझं काही चुकतच नव्हतं!"

ओलं बोट घेऊन त्या फळ्याच्या पोटात, त्याच्या सेटिंगमध्ये शिरल्या. एका चुकीच्या बटणाने सगळी अक्षरं आरशातल्यासारखी उलटी झाली. दुसऱ्याने फळा गाणं म्हणायला लागला. आठ दिवसांपूर्वी बाई इथेच मागे हटल्या असत्या. आज त्यांनी पदर खोचला आणि एकेक ओळ मोठ्याने वाचत गेल्या. शेवटी 'संवेदनक्षमता (किती बारीक फरक टिपायचा त्याचं माप)' सापडली. ती तीनवर होती, त्यांनी आठवर नेली. बोट पुसून कोरडं केलं आणि टेकवलं.

"स्वागत आहे."

"आता कळलं होय!" बाई म्हणाल्या.

सोमवारी दुधाळ सर आले. बाईंनी माप मुद्दाम पुन्हा तीनवर आणलं आणि सायकलच्या पंक्चरचा रबरी तुकडा त्यांच्या बोटाला चिकटवला. "हं, उघडा."

सरांनी चारदा बोट दाबलं. चारदा फळा म्हणाला, "स्पर्श आढळला नाही. कृपया योग्य पद्धतीने हाताळा."

"सर, तुमचंही वय झालं का?" बाईंनी विचारलं.

सरांचा चेहरा उतरला. बाईंनी माप आठवर नेलं आणि रबर तसंच ठेवून पुन्हा बोट लावायला सांगितलं. फळा उघडला.

"अहवालात लिहा, चूक मापात होती, शिक्षकात नव्हती. माझ्यासमोर लिहा."

सरांनी लिहिलं. खालमानेने म्हणाले, "बाई, तालुक्यात चारपाच गुण मिळालेले आणखी अकरा शिक्षक आहेत. त्यांनाही हे दाखवाल?"

"दाखवीन. पण गप्प बसवायला येणार नाही, शिकवायला येईन."

मधल्या सुट्टीत सगळी मुलं बाहेर पळाली. रुक्साना तशीच बसून होती.

"बाई, दवाखान्याच्या दारातलं यंत्र माझ्या अम्मीचा अंगठा घेत नाही. खडी फोडते ना ती. तिथले लोक म्हणतात, तुला नीट ठेवताच येत नाही. मग अम्मी औषध न घेताच परत येते."

बाईंची कानशिलं पुन्हा तापली.

"ते यंत्र वेगळं. ते बहुतेक अंगठ्यावरच्या रेषा वाचत असेल. नेमकं कसं वाचतं, ते मला माहीत नाही."

"मग?"

"मग काय? आधी शोधू, मग भांडू. उद्या अम्मीला शाळेत घेऊन ये."