दोन बोटांचा उतार

"बादली में क्या है?"

मेट्रोच्या गार्डनं माझ्या मागच्या मुलाला विचारलं आणि तो अगदी शांतपणे म्हणाला, "गोबर है, साब. ताजा है."

हैदराबादच्या कुकटपल्ली स्टेशनवर शनिवारी सकाळी केवढी रांग असते! ती अख्खी रांग दोन पावलं मागे सरकली. मी मात्र तिथेच, कारण माझी वाळक्या पाल्याची गोणी गार्डनं आधीच बाजूला काढली होती. मी फोनवर कळवळून सांगत होते, "आई, मला मेट्रोत घेत नाहीयेत गं!"

"मला बी घेईनात," मागून आवाज आला. मराठीत!

मी वळले. उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात झाकणाची बादली. त्यानं माझी गोणी पाहिली. मी त्याची बादली पाहिली...

"पर्माकल्चर?" तो म्हणाला.

"बरकतपुरा?" मी म्हणाले.

आम्हा दोघांनाही बाहेर काढलं. मग एक ऑटो, मध्ये गोणी, त्याच्या पायाशी बादली आणि माझ्या नाकाला रुमाल.

"नाव काय?"

"मृण्मयी."

"म्हणजे मातीची." तो हसला... एका बाजूनं, म्हणजे डाव्या. "नाव मातीचं आणि नाकाला रुमाल! कायकू आलीस मग कोर्सला?"

मी रुमाल काढला. वास आला, भयंकर आला, पण मी बरकतपुऱ्यापर्यंत रुमाल पुन्हा लावला नाही. त्याचं नाव गौतम होतं, तो बारावीत होता, आणि मी ते सगळं अंतर श्वास धरून त्याच्याशी गप्पा मारल्या.

इथपर्यंत सांगायला मला मजा येते. पुढचं सांगताना अजून कान गरम होतात.

*

मागच्या वर्षापर्यंत वर्गात "प्रेझेंट मॅम" म्हणतानाही माझा आवाज चिरकायचा. यंदा अकरावीत डिबेटचं पहिलं बक्षीस मिळालं, मी केस कापले आणि एकदम मला सगळं यायला लागलं. म्हणजे, मला तसं वाटायला लागलं. कोर्सला मी आले ती शाळेच्या फाइलमध्ये आणखी एक सर्टिफिकेट लागावं म्हणून. पर्माकल्चरचा बहात्तर तासांचा कोर्स, शनिवार-रविवार, बरकतपुऱ्याला. माती, पाणी, ऊन, वारा, झाडं यांचा एकमेकांशी मेळ कसा घालायचा ते शिकायचं, आणि शेवटी जोडीनं एका खऱ्या जागेचं डिझाइन करून सगळ्यांसमोर मांडायचं.

गौतमचं तसं नव्हतं. त्याच्या वडिलांचं, एकनाथरावांचं, बेगम बाजारात मसाल्याचं ठोक दुकान. त्याला मात्र शेतीच्या कॉलेजात जायचं होतं.

"अप्पा म्हणतेत, आमच्या आज्यानं नांगर सोडला आन् तू काय धरायलास?" एकदा लिंबाखाली डबा खाताना त्यानं सांगितलं. "मी म्हटलं, कोर्स करून दाखवतो. तर म्हणले, बरं. सर्टिफिकेट आण, मग बोलू. नाही आलं तर गप दुकानात बसायचं."

"येईल रे! मी आहे ना तुझ्या जोडीला!"

"तू हायस म्हणूनच भ्या वाटायलं," तो म्हणाला आणि माझ्या डब्यातली शेवटची पोळी उचलली.

आमच्या डिझाइनची जागा म्हणजे नल्लकुंट्यात त्याच्या आत्याचं परस. तारामती आत्या येसर करून विकतात. भाजलेल्या डाळी-धान्याचं मसालेदार पीठ, आमटीला लावायचं. महालक्ष्म्यांच्या सणाला हैदराबादेतल्या कितीतरी मराठी घरांत त्यांचंच येसर जातं. परसात उतार होता. पावसाचं पाणी एका कोपऱ्यातून येऊन दुसऱ्या कोपऱ्यातून रस्त्यावर पळून जायचं. त्याला अडवायला आम्ही उताराला आडवा एक चर खणणार होतो आणि त्याच्या काठानं केळी, शेवगा, गवती चहा लावणार होतो.

चर अगदी एका पातळीत हवा, म्हणजे पाणी त्यात थांबतं आणि जिरतं. पातळी शोधायला ए-फ्रेम असते: दोन बांबू वर एकत्र बांधलेले, मध्ये आडवी काठी, वरून दगड बांधलेली दोरी. दोरी आडव्या काठीवरच्या खुणेवर आली, की फ्रेमचे दोन्ही पाय एका पातळीत. पण ती खूण डोळ्यांनी ठरवायची नसते. फ्रेम उभी करायची, दोरी पडेल तिथे रेघ मारायची. मग पायांची अदलाबदल करून त्याच जागी पुन्हा उभी करायची आणि पुन्हा रेघ. दोन रेघांच्या बरोबर मध्ये खरी खूण. कोर्सच्या रंजना मॅडमनी हे तीनदा सांगितलं होतं.

त्या दिवशी गौतम खुणांसाठी चुन्याची फक्की आणायला गेला होता आणि मी फ्रेम बांधत होते. ऊन होतं, घाम होता, फोनवर मैत्रिणींचे मेसेज टणटणत होते. आणि मला तर सगळं येत होतं! मी पट्टीनं काठी मोजली आणि बरोब्बर मध्यावर नेलपॉलिशनं खूण केली. लाल, नाजूक, टिकलीसारखी.

तो आला. वाकून बघत राहिला. "काय सुंदर केलीस गं!"

मी हवेतच.

"उलटून पाहिलीस ना?"

बस. एवढाच प्रश्न. तेव्हा "नाही, थांब" म्हटलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पण तो त्या खुणेकडे असा बघत होता... आणि मला त्याचं ते बघणं मोडायचं नव्हतं.

"हो रे. पाहिली."

मग तीन तास आम्ही परसभर फिरलो. मी फ्रेमचा पाय सरकवायची, तो गुडघ्यावर बसून दोरी वाचायचा.

"हल्लू... हल्लू... नक्को, मागं... बसली!"

"नक्की?"

"दोरीला विचार."

प्रत्येक "बसली"ला फक्कीचा एक ठिपका. माझ्या गालाला फक्की लागली होती. ती दाखवायला त्यानं स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. मी मुद्दाम दुसरा गाल पुसला. "आगं, इकडला!" मी पुन्हा चुकीचा पुसला. तो लाजला — खरंच, तोच लाजला! — आणि दोरीकडे बघायला लागला.

मला वाटलं, यंदाचं वर्ष माझंच आहे.

*

दोन आठवड्यांनी, चर खणून झाल्यावर, शुक्रवारी रात्रभर पाऊस कोसळला. शनिवारी सकाळी गौतमचा फोन आला. फक्त "ये" म्हणाला.

चरात पाणी नव्हतं. एवढा पाऊस झाला, तरी नव्हतं. चरानं ते अडवलंच नव्हतं. नळीतून न्यावं तसं सरळ परसाच्या मागच्या खोलीकडे नेऊन सोडलं होतं. त्या खोलीत सणाच्या ऑर्डरचं भाजून ठेवलेलं धान्य होतं. धने, हरभऱ्याची डाळ, गहू... पोती खालून हातभर भिजली होती. सगळीकडे ओल्या मसाल्याचा वास. आत्या पदर खोचून पोती उपसत होत्या. मला वाटलं, आता ओरडतील.

"आलीस का माय? किती भिजलीस! गौतम्या, तिला टॉवेल दे आधी," आत्या म्हणाल्या.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. तो टॉवेल मी डोक्यावर घेतला आणि त्याच्याआड तोंड लपवलं.

मला कळलं होतं. चर पाहताक्षणीच. माझे दोन्ही बांबू सारखे नव्हतेच. भिंतीला टेकवलेल्या फ्रेमकडे पाहिलं, तर एक बांबू दुसऱ्यापेक्षा दोन बोटं आखूड होता. दोन बोटं! आणि त्यावर माझी ती टिकली.

गौतम चराच्या काठावर उकिडवा बसला होता. "दोरी मी वाचलो," तो म्हणाला. आवाज एकदम खाली. "प्रत्येक ठिपक्याला मीच बसली म्हणलो. मलाच धड दिसना गेलं बघ."

माझं तोंड उघडलं. खरंच उघडलं. डिबेटमध्ये तीनशे मुलांसमोर बोललेलं तेच तोंड. त्यातून काय निघालं, माहितेय?

"असू दे रे. होतं असं."

मी त्याला माफ केलं! माझी चूक होती आणि मी त्यालाच माफ केलं... ते वाक्य आठवलं की आजही मी उशीत डोकं खुपसते.

संध्याकाळी रंजना मॅडमचा मेसेज आला: "गौतमने चूक आपली असल्याचं कळवलं आहे आणि सर्टिफिकेटसाठीचं नाव मागे घेतलं आहे. पुढच्या रविवारी मांडणी तू एकटी करशील?"

मी "हो मॅडम" लिहिलं. खाली हसरा चेहरा टाकला. मग तो पुसला. मग "हो मॅडम"सुद्धा पुसलं. पण त्यांनी वाचलं होतं.

आठ दिवस मी आरशात नीट पाहिलं नाही. आईनं विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, हो, पोट दुखतंय. आणखी एक खोटं. गौतमला रोज मेसेज लिहायची आणि खोडायची. सांगितलं तर तो पुन्हा कधी तसं बघणार नाही, याची भीती होती. आणि नाही सांगितलं, तर तो जन्मभर बेगम बाजारात बसून समजणार, की आपल्याला साधी दोरी वाचता येत नाही.

*

रविवारी हॉल भरलेला होता. आत्या आल्या होत्या. त्यांच्या शेजारी पांढऱ्या शर्टातले, कपाळावर बुक्का लावलेले गृहस्थ. एकनाथराव. गौतम मागच्या रांगेत, जमिनीकडे बघत.

मी रंगीत नकाशा भिंतीवर लावला नाही. ए-फ्रेम घेऊन पुढे गेले. आवाज... मागच्या वर्षीचा, चिरकणारा आवाज परत आला होता.

"मी... मला हे दाखवायचंय."

फ्रेम उभी केली आणि दोरी लाल खुणेवर येईपर्यंत एका पायाखाली वह्या सरकवल्या. "दोरी इथे पडते." फ्रेम फिरवून पाय बदलले. दगड झुलत राहिला आणि मग दोरी थांबली. लाल खुणेपासून चांगली लांब.

"हे आधी करायचं असतं. मी केलं नव्हतं. गौतमनं विचारलं तेव्हा मी केलंय म्हणून खोटं सांगितलं. त्यानं प्रत्येक वेळी दोरी बरोबरच वाचली. खूणच खोटी होती. आत्या, तुमचं धान्य माझ्यामुळे भिजलं. आणि मी... मी त्याला 'असू दे' म्हणाले."

मग मी रडले. सुंदर वगैरे नाही, नाक गळेपर्यंत.

सगळ्यात आधी एकनाथराव उठले. माझ्याकडे आलेच नाहीत, फ्रेमकडे गेले. स्वतः फिरवून पाहिली. पुन्हा फिरवली.

"तागडीचं तसंच की हे," ते म्हणाले. "पारड्यांची अदलाबदल केल्याबिगर खोट कळत नाही." मग मागच्या रांगेकडे बघून, "गौतम! हे शिकायलास व्हय तू इथं? मला वाटलं, झाडाला पाणी घालायलेत नुसते!"

रंजना मॅडमनी गौतमचं नाव पुन्हा यादीत घातलं. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तुझं सर्टिफिकेट चर दुरुस्त होऊन त्यात पाणी थांबलेलं मी बघेन, तेव्हा." मी मान हलवली. वर बघायची हिंमत नव्हती.

जिन्यात गौतमनं मला गाठलं.

"आठ दिवस," तो म्हणाला. हसत नव्हता. "आठ दिवस मी भिंतीवरलं घड्याळ एक डोळा झाकून बघायलो. डोळे गेले का काय म्हणून. तुला ठावं होतं."

"हो."

"का नाही बोललीस?"

"कारण तू मला आवडतोस." निघून गेलं तोंडातून! जिन्यात, सुजलेल्या नाकानं. "मला वाटलं, सांगितलं तर तू..."

"उलटं असतंय ते," तो म्हणाला. "आवडतंय त्याला आधी सांगतेत."

आणि निघून गेला.

*

पुढच्या शनिवारी मी एकटीच नल्लकुंट्याला गेले. आत्यांनी दार उघडलं, काही विचारलं नाही, फावडं दिलं. आधी मी त्यांच्याबरोबर नवं धान्य निवडलं. मग सबंध दुपार चुकीचा चर बुजवला. हाताला फोड आले, आणि मला ते बरे वाटले.

चारच्या सुमाराला दुसऱ्या फावड्याचा आवाज आला. मी मान वर केली नाही. परसाच्या दुसऱ्या टोकापासून तो चर बुजवत माझ्याकडे येत होता. तासभर आम्ही दोघं नुसती माती ओढत राहिलो. अंतर कमी होत गेलं... दहा पावलं, पाच, दोन.

"फावडं उलटं धरायलीस," तो म्हणाला.

मी सुलटं धरलं.

"अप्पांनी फॉर्म आणलाय कॉलेजचा. स्वतःहून."

"खरंच?" मी वर पाहिलं आणि लगेच खाली.

"मी अजून रागात हाय," त्यानं सांगितलं.

"माहितेय. किती दिवस?"

त्यानं विचार केला. खरोखरच हिशेब करत असल्यासारखा. "महालक्ष्म्या जेवेपर्यंत."

"बारा दिवस आहेत!"

"मोजलीस व्हय?"

मी फावडं मारत राहिले. कान पुन्हा गरम.

"त्या दिवशी जेवायला ये," तो मातीकडे बघत म्हणाला. "आत्यानं बोलवलंय."

"आत्यांनी... बोलवलंय?"

त्यानं फावडं जमिनीत रोवलं. कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. मग सरळ माझ्याकडे पाहिलं. तसंच, जे पाहणं जपायला मी खोटं बोलले होते. पण आता त्याला माझं सगळं ठाऊक होतं, आणि तरी तो बघत होता.

"मी बी बोलवायलोय," तो म्हणाला.