झाकणावरची गुलाबी रेघ

पुलगावच्या पेट्रोलपंपावर नंदिनीनं स्कूटर स्टँडला लावली आणि पलीकडची पांढरी गाडी पाहून ती जागीच थबकली. गाडी ओळखीची होती. ओळखीची कसली, तिचं इंजिन नंदिनीनंच बांधलं होतं. नाचणगाव रोडवरच्या वडिलांच्या गॅरेजात, दिवाळीच्या आधी, पहिल्या नटापासून शेवटच्या नटापर्यंत सगळं तिच्या हातचं!

गाडी नाचणगावच्या लहानूजींची. पण आता बॉनेटशी एक अनोळखी तरुण वाकून उभा होता आणि आजारी वासराला बाटलीनं दूध पाजावं तसा इंजिनात डब्यानं तेल ओतत होता.

"नवंच बांधलं ना हे इंजिन?" नंदिनीच्या तोंडून निघून गेलं.

"नवं कायचं जी..." त्यानं मान वर न करताच सुस्कारा सोडला. "लहानूजी मामाले कोण्या गाढवानं बांधून देल्लं कोणास ठाऊक. पेट्रोलपेक्षा तेलच जास्त पिऊन राह्यली. मागं निळा धूर, अन् धुरामागं लोकाइच्या शिव्या."

"त्या गाढवाले पाह्यलं का तुम्ही?"

"नाई. पाहाचं आहे एकदा."

"मंग पाहून घ्या," नंदिनी हाताची घडी घालून म्हणाली. "तुमच्यासमोरच उभं आहे."

त्यानं मान वर केली. डबा कलंडला, तेलाची धार त्याच्या बुटावर गेली, आणि त्याचे कान लालेलाल झाले. "मी... अश्वजित. रोहण्याच्या दवाखान्यात जनावरांचा डॉक्टर आहे," तो कसाबसा म्हणाला, जणू एवढ्यानं सगळं माफ होणार होतं. नंदिनीला राग यायला हवा होता. पण तिला तो आवडला, तिथल्या तिथेच, आणि याचाच तिला जास्त राग आला.

पण लगेच तिला गॅरेजची अट आठवली. वडील रूपराव बोलायचे कमी, पण बोलले की शब्द पाळायचे. इंजिन सुरू झालं त्या दिवशी ते म्हणाले होते, "हे तुयं पह्यलं इंजिन. परत आलं नाई, तर गॅरेज तुयं. आलं, तर पुण्याच्या कंपनीतली नोकरी घेजो. तुया डिप्लोमा ग्रीसमध्ये बुडवाची मले हौस नाई." पुण्याला महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा होता. आणि इथे तिचं इंजिन घटाघट तेल पीत होतं.

"बाबाले काही बोललात का तुम्ही?"

"उद्याच येत होतो, तक्रार घेऊन."

"नका येऊ... म्हणजे या, पण रविवारी. बाबा लग्नाले वडनेरले चालले."

"म्हणजे चोरून?" त्याच्या डोळ्यांत आता हसू होतं.

"चोरून नाई. माझी चूक आधी मले पाहू द्या. मंग बाबाले मीच सांगीन."

रविवारी कोवळ्या उन्हात गाडी गॅरेजसमोर उभी राहिली. नंदिनीनं चारही प्लग काढले. तिला भीती होती पिस्टनच्या रिंगांची. एखादी रिंग उलटी तर बसली नसेल? दिवाळीची घाई, बाहेर फटाके, लक्ष जरा इकडेतिकडे... पण चारही प्लग सारखेच तेलकट होते, आणि चारही सिलिंडरचा दाबही जवळजवळ सारखा. एका रिंगेची चूक असती तर एकच सिलिंडर बिघडला असता.

तिनं प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला, मोबाइलवर पाहिलं, आणि तिच्या भुवया उंचावल्या. सिलिंडरची भिंत आरशासारखी गुळगुळीत दिसत होती. रिंगा घासून बसाव्यात म्हणून मुद्दाम पाडलेल्या तिरप्या रेघा त्या चकाकीखाली पुसट झाल्या होत्या. पुसट... पण होत्या.

"डॉक्टर, तुम्ही गाडी चालवता कशी?"

"जपून," तो अभिमानानं म्हणाला. "मामाची ताकीद आहे, चाळीसच्या वर न्याची नाई. मी तर पस्तीसच्या वर नेतच नाई. परवा एका बैलगाडीवाल्यानं मागून आवाज देल्ला, डॉक्टर, साइड द्या."

"मामाले कोणं सांगतलं हे?"

"तुमच्याच बाबानं. हात जोडून म्हणाले म्हणे, माह्या पोरीचं पह्यलं इंजिन आहे, जिवापाड जपजा."

नंदिनीनं कॅमेरा खाली ठेवला. बाबांनी हात जोडले? आजवर कुणापुढे न वाकणाऱ्या बाबांनी? तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. ते लपवायला ती उगाच पाना पुसत राहिली.

"काय झालं?" त्यानं हळूच विचारलं.

"काई नाई. नव्या रिंगा भिंतीवर जोरानं घासल्या पाह्यजेत, तवा त्या बसतात. त्यासाठी इंजिनाले ताण लागते. तुम्ही सगळ्यायनं मिळून त्याले एवढं जपलं की रिंगा बसल्याच नाई, अन् तेल वर सटकून जळून राह्यलं."

"म्हणजे लाडानं बिघडलं."

"लाडानंच. आता घाटात न्या लागीन. चकाकी पातळ असली तर घासून जाईन. नाई गेली तर..." इंजिन खोलावं लागेल आणि पुण्याची बॅग भरावी लागेल, हे तिनं सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे.

तिनं जुनं तेल काढलं, साधं तेल खुणेपर्यंत भरलं, झाकण घट्ट लावलं आणि खिशातून गुलाबी नेलपॉलिश काढून झाकणावरून खालच्या धातूपर्यंत एक रेघ ओढली.

"हे काय?"

"झाकण उघडलं की रेघ तुटते. गुपचूप तेल टाकाल तर मले समजीन."

"अन् बोटाले लावत नाई का कधी?"

"बोटं पाहा लागतात का तुमाले?" ती म्हणाली, आणि त्यानं खरंच पाहिली. काळी, तेलकट बोटं. तिनं ती पटकन मागे नेली.

तळेगावच्या घाटाखाली ती म्हणाली, "तिसरा गिअर. आता दाबा."

"किती?"

"भीत भीत दाबता, तेवढं नाई."

त्यानं दाबलं. इंजिन गरजलं, गाडी उसळली, नंदिनीची पाठ सीटला टेकली. आरशात निळ्या धुराचा लोट उठला. "आता पाय काढा... गिअर राहू द्या... पुन्हा दाबा!" सवयीनं त्याचा हात चौथ्या गिअरकडे गेला, तसा तिनं त्यावर आपला हात ठेवून तो अडवला. चढ संपला तरी हात तिथेच राहिला.

खाली, वर, पुन्हा खाली. वळणावरचा संत्रेवाला कंटाळून हात हलवायला लागला. अश्वजितच्या केसांत वारा होता आणि चेहऱ्यावर आयुष्यात पहिल्यांदाच शाळा बुडवलेल्या पोरासारखं हसू होतं. शेवटच्या चढाला नंदिनीनं आरशात पाहिलं. धूर विरळ झाला होता. की तिला तसं वाटत होतं?

"आठ दिवस असंच दणकून चालवा," ती म्हणाली. "मंग आणा."

त्या संध्याकाळी तिनं रूपरावांना सांगून टाकलं, "इंजिन परत आलं, बाबा." त्यांच्या हात जोडण्याबद्दल मात्र ती काहीच बोलली नाही. ते एवढंच म्हणाले, "आठ दिवसानं पाहू."

आठ दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता. गाडी आली तेव्हा बॉनेट रूपरावांनीच उघडलं. तेलाची पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवून उन्हात धरली. तेल वरच्या खुणेला होतं.

"वरून टाकलं असन," ते म्हणाले.

नंदिनीनं बोट दाखवलं. झाकणावरची गुलाबी रेघ सलग होती, कुठेही तुटलेली नव्हती. रूपरावांनी चष्मा लावून पाहिलं, नखानं खरवडून पाहिलं.

"मंग झालतं काय?"

नंदिनी खाली पाहू लागली. अश्वजित पुढे झाला. "जय भीम, काका. चूक माझी. मी लय हळू चालवत होतो."

"हळू चालवजा म्हणून तर मीच..." रूपराव थांबले. पोरीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं की तिला सगळं ठाऊक आहे. पट्टी जागेवर ठेवायला त्यांना जरा वेळच लागला. मग ते घसा खाकरून म्हणाले, "पुण्याले नाई म्हणून कळवून टाक. मी चहाचं सांगतो." आणि मागे न पाहता आत गेले.

अंगणात दोघंच उरले.

"एक सांगू?" अश्वजित म्हणाला. "आठ दिवसांत दोनदा झाकणाले हात लावला मी. म्हटलं रेघ तोडावी, म्हणजे वरून तेल टाकलं असं वाटीन... तक्रार राह्यली तर रोज येता येईन. पण मंग तुम्ही पुण्याले गेल्या असत्या." तो थांबला. "आता तक्रार नाई, तर यायले बहाणाही नाई. मले... तुमच्याशिवाय करमत नाई, नंदिनी."

नंदिनीनं हात पुसायचा कपडा बाजूला ठेवला. यावेळी तिनं बोटं लपवली नाहीत.

"उद्या गाडी घरीच ठेवजो," ती म्हणाली. "नुसता तू येजो."

चहा घेऊन तो निघाला. फाटकाबाहेर पडताच त्यानं दणकून गाडी दाबली, शिकवल्यासारखी. नंदिनी रस्त्यावर येऊन पाहत राहिली. गाडीमागे लख्ख ऊन होतं आणि नाचणगावच्या वळणापर्यंत रस्ता स्वच्छ दिसत होता.