कोरडा पाइप

माझं काम गळती ऐकायचं. जमिनीखाली पाइप फुटला की लाकडी काठीचं एक टोक पाइपावर ठेवायचं, दुसरं कानाला. त्या दिवशी मी कामावरून थेट दवाखान्यात गेलो, सुनेला डबा द्यायला. म्हणून काठी सोबत होती.

माझ्या नातीला सगळे चिमणी म्हणतात. तिच्या काळजातल्या मधल्या पडद्याला जन्मापासून भोक. तान्ही असताना दूध पितानाही घामाने भिजायची. खाल्लेलं अंगी लागायचं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बारकी भोकं वाढत्या वयात आपोआप बुजतात, वाट पाहू. औषधं चुकवली नाहीत, सर्दीखोकला जपला. भोक काही बुजलं नाही. मी तिच्या छातीला काठी लावायचो. धप्-स्स... धप्-स्स.

"आजोबा, गळतंय?"

"गळतंय. बुजवू."

त्या दिवशी डॉक्टर त्या भोकाला ठिगळ लावणार होते. तेवढा वेळ काळीज थांबवतात, रक्त यंत्र फिरवतं, असं बाईंनी समजावलं होतं. मी विचारलं, मग तेवढा वेळ पोरगी कुठे असते? त्या म्हणाल्या, झोपलेली असते. मला पटलं नाही.

सून डबा न उघडता बसून होती. मी फेऱ्या मारत होतो, तर मला म्हणाली, बाबा, फरशी झिजेल, बसा आता. भर दुपार, पण ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या त्या बोळात उजेड नव्हता. फिनेलचा वास. भिंतीवरून एक जुना पाइप गेलेला. हाताला चाळा म्हणून काठी टेकवली.

धप्-स्स... धप्-स्स...

मी काठी कानाशी घट्ट दाबली. हा आवाज मी हजारांत ओळखीन. तो लांब चालला होता. मी पाइपाला तोंड लावलं.

"चिमणे... इकडे. आजोबा इथंच आहे."

काठी पुन्हा कानाला लावली, तर आवाज लांब जायचा थांबला होता. मग जवळ जवळ येत गेला आणि एकदम बंद झाला. काठी अजून कानालाच होती, तेवढ्यात दार उघडलं. बाई म्हणाल्या, काळीज पुन्हा चालू झालंय, पोरगी छान आहे.

बाहेर पडताना तिथल्या नळवाल्याला पाइपाचं विचारलं. तो हसला. म्हणाला, काका, तो कधीच तोडलाय, दोन्ही टोकं बंद, आत थेंब नाही.

चिमणी घरी आली. आता छातीत नुसतं धप्-धप्. एका सकाळी दूध पिता पिता म्हणाली, "आजोबा, तुम्ही हाक मारलीत म्हणून मी आले. ती तिथेच राहिली."

"कोण ती?"

"तिला हाक मारायला कुणी नव्हतं."

अधूनमधून तपासणीला जावं लागतं, जन्मभर जावं लागेल. चिमणी आत गेली की मी बोळातल्या त्याच पाइपाला काठी लावतो. फार लांब, फार बारीक धप्-स्स येतं. गळती निराळी, चिमणीची नव्हे. नाव ठाऊक नाही, म्हणून म्हणतो, "बाळा... इकडे."

गेल्या खेपेला काठी काढली, तर पाइपाकडचं टोक कुणी मुठीत धरल्यासारखं कोमट लागलं.