सहा बोटांचा गळा

हंडा कमरेवर घेऊन मी दारात आले, तर आमच्या बैठकीत एक अनोळखी माणूस गुडघ्यांवर बसून भिंतीशी बोलत होता. भिंतीशी!

"धुरा, बाबा, तू हितनं वर जा. हिकडं येऊ नको."

मला हसू फुटलं. तो दचकून उठला. केसांत चुना, गळ्यात आमच्यासारखंच इष्टलिंग, आणि डोळे असे की मी हंडा उतरवायचंच विसरले.

"तुमीच ना ते गवंडी? औरंगाबादच्या छावणीत आतिशदानं बांधणारे?"

"व्हय... वीरभद्र."

"किती बांधली?"

तो थापी पुसायला लागला.

"एक तरी?"

"...न्हाई," तो हळूच म्हणाला. "काम पायजे व्हतं. दगड मला कळतो, पण धूर न्हाई कळत. तुमी आप्पांना सांगनार?"

सांगायलाच हवं होतं. माझे आप्पा, पालीचे गुंडप्पा कापडवाले, कामासाठी हैदराबादला गेले, तिथं एका नवाबाच्या हवेलीत भिंतीतली शेकोटी, म्हणजे आतिशदान, बघून आले आणि वेडेच झाले. विस्तव खोलीत आणि धूर बाहेर! पुढच्या सोमवारी युसूफ वडगावचे बडे लोक मला बघायला यायचे होते. त्यांच्यासमोर आतिशदान पेटवायचं, हा आप्पांचा हट्ट. ते धुरकटलं तर या गवंड्याला पंचक्रोशीत कुणी दारात उभं केलं नसतं.

"धूर मला कळतो," मी म्हणाले. आणि तिथंच फसले.

दहा वर्षांची होते तेव्हापासून मी चुली घालतेय. गल्लीतल्या निम्म्या चुली माझ्या हातच्या. दुसऱ्या दिवशी मी मातीचं इवलंसं आतिशदान करून त्यात गोवरीचा निखारा ठेवला. आई उंबऱ्यात जोंधळे निवडत होती.

"बघा. खाली रुंद, मग गळा अरुंद, वर परत पोट. गळा चुकला की धूर माघारी फिरतो."

"गळा किती?"

"सहा बोटं."

"कुनाची? माझी का तुमची?"

"माझीच."

"मग... हात द्या की."

त्यानं माझी बोटं दगडावर टेकवून कोळशानं खूण केली. माप केव्हाच झालं होतं. हात मात्र —

आई खोकली.

दिवस भराभर गेले. मी रोज काहीतरी चूक काढायची आणि तो रोज ती मुद्दाम करायचा. कळत होतं मला. पण आतिशदान जमलं तर मी वडगावला जाणार होते आणि बिघडलं तर याचं नाव जाणार होतं. जिवाला घोर लागला होता नुसता.

सोमवारी सकाळी ओलं गोणपाट घेऊन मी माळवदावर चढले. धुराड्यात कोंबायचं, बास. तर वीरभद्र आधीच तिथं! हातात फरशी, धुराड्याच्या तोंडावर झाकायला.

"तुमी कावून आलात?"

"आन् तुमी?"

त्यानं माझ्या गोणपाटाकडं बघितलं, मी त्याच्या फरशीकडं.

"धूर कोंडला की ते लोक जातील," तो म्हणाला.

"आन् तुमचं नाव?"

"नाव परत मिळंल. तुमी... न्हाई मिळनार."

माझे डोळे भरून आले आणि रागही आला. "ठेवा ती फरशी खाली! आपण दोघांनी केलंय ते. मी न्हाई बिघडू देनार."

दुपारी मी पदर सावरून पाटावर बसले. आप्पांनी काडी लावली. धुराचं एक वेटोळं बैठकीकडे वळलं... आणि धूर सरसर वर गेला.

"वा!" मुलाची आई पुढं सरकली. "गवंडी, आमच्याकडंबी असंच बांध. गळ्याचं माप काय?"

"सहा बोटं."

"कुनाची रे?"

साधा प्रश्न. 'माझी' म्हणाला असता तर सगळं सुरळीत झालं असतं. पण त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"माझी," मी म्हणाले.

मुलाची आई झटकन मागं सरली.

"खरं हाय," वीरभद्र म्हणाला. "मी खोटं बोललोतो, आप्पा. मला येत नव्हतं. ह्यांनी शिकवलं."

परक्या माणसाला हात मापायला देणारी सून कुणाला हवी? पाहुणे उठले. शेंगा-गूळ ताटात तसाच राहिला.

आप्पा दारापर्यंत त्यांच्या मागं जाऊन परत आले. "आता हिला कोन करून घेईल?"

आई आठवडाभर एक शब्द बोलली नव्हती. आता शांतपणे म्हणाली, "जेला तिच्या बोटांचं माप ठावं हाय, तेला इचारा की."

"मी... मी तयार हाय, आप्पा," वीरभद्र पुढं होऊन म्हणाला. "ह्यांची मर्जी असंल तर."

"हाय," मी म्हणाले. लाजायचं राहूनच गेलं.

"खोटारडा!" आप्पा गरजले. वीरभद्र दाराबाहेर सरला. मग आप्पा विस्तवासमोर बसले. मार्गशीर्षाची थंडी होती, त्यांनी तळवे शेकले, वर बघितलं, आढ्याला काजळीचा ठिपका नव्हता.

"दूध ठेव, जगदेवी," ते माझ्याकडं न बघता पुटपुटले. "नव्या चुलीवर पयलं दूध उतू जाऊ द्यावं लागतं. आन् तेला आत बोलाव. चांगल्या कामाला घरची मान्सं जवळ असावीत."

तीन दगडांवर मी पातेलं ठेवलं. वीरभद्र दारातच अडखळला होता.

"जवळ या," मी म्हणाले. "दूध वर येईस्तवर बघायचं असतं."

तो आला, शेजारी बसला. त्याचा हात माझ्या हाताला लागला आणि तसाच राहिला.

या वेळी आई खोकली नाही.