भुताविरुद्ध तक्रार

सुमेधाच्या छत्रीवर त्या गुरुवारी पावसाबरोबर एक इंग्रजी अक्षरही पडलं. चांगलं हातभर लांब, काळं, प्लास्टिकचं. छत्रीवरून घसरून ते तिच्या बुटांपाशी आलं. तिने दचकून वर पाहिलं, तर एव्हलिन थिएटरच्या दर्शनी पाटीला शिडी लावून एक मुलगा उभा होता. काखेत आणखी दोन-तीन अक्षरं, केस भिजून कपाळाला चिकटलेले, आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू अक्षर त्याने मुद्दामच टाकलं होतं.

एव्हलिन आता नाही. तिथे गालिच्यांचं दुकान झालं, त्यालाही बरीच वर्षं झाली. पण १९८६ च्या नोव्हेंबरात ते होतं बरं का! इंग्लंडातल्या लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडपासून दोन वळणं पलीकडे, लाल मखमलीच्या फाटक्या खुर्च्या, हीटर चालला तर चालला, आणि दर गुरुवारी संध्याकाळी पाटीवर नव्या पिक्चरची अक्षरं चढायची. आदल्याच शुक्रवारी एका ओसाड घरातल्या भुताचा पिक्चर लागला होता, आणि शिडीवरचा तो मुलगा, शशी, पिक्चरच्या नावाखाली एक नवीन ओळ चढवत होता. सुमेधाने ती अर्धवट ओळ वाचली. बेस्ड ऑन अ ट्रू...

"खोटारडा!" ती स्वतःशीच पुटपुटली.

"अगं ए! खोटारडा कुणाला म्हणतेस?" शिडीवरून आवाज आला. तोही मराठीत!

सुमेधाचे कान तापले. लेस्टरमध्ये गुजराती हवी तेवढी कानावर पडायची, पण मराठी म्हणजे घरात आणि रविवारी वंदनेच्या हॉलमध्ये. रस्त्यावर बिनधास्त बोलावं, कुणाला कळतंय? आणि नेमकं कळावं ते या शिडीवरच्या माकडाला!

पण ती यादवरावांची मुलगी होती. माघार तिला शिकवलेलीच नव्हती. अक्षर उचलून ती शिडीखाली गेली. "पाटीवर लिहितोयस ना, खरी घटना म्हणून? मग सांग. कुठे घडली? कुठल्या साली?"

"तू पोलिस आहेस?"

"लायब्ररीत आहे."

"बाप रे. ते तर पोलिसपेक्षा वाईट." तो दोन पायऱ्या खाली आला. "ओके. नॉटिंगहॅम. नाइन्टीन फिफ्टी-थ्री. एक टीचर होती. बंद खोलीत पियानो आपोआप वाजायचा."

"पिक्चर तर अमेरिकेतला आहे."

"मग? भूत इमिग्रेट झाला. आपले आईबाप नाही झाले?"

सुमेधाने ओठ दाबून धरले... पण हसू कसलं थांबतंय! ते छत्रीआड लपवून ती तरातरा निघाली. अक्षर हातातच राहिलं होतं, म्हणून मग परत फिरावं लागलं, आणि ते देताना त्याची गार बोटं तिच्या बोटांना लागली. बस, एवढंच. पण घरी पोचेपर्यंत तिला आपली बस कधी आली आणि कधी गेली ते समजलं नाही.

आता यादवरावांबद्दल सांगायला हवं. होजिअरीच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करणारा हा माणूस, नागपूरहून आलेला, बाबासाहेबांना मानणारा. कुणी सांगितलं म्हणून मानू नका, तपासा, मग माना, हे बुद्धांचं सांगणं त्यांनी अगदी मनावर घेतलं होतं. दर रविवारी हॉलमधली वंदना झाली, घरी येऊन जेवणं झाली, की ते खुर्चीत ताठ बसायचे आणि पत्र सांगायला लागायचे. भविष्य छापणाऱ्या पेपरला पत्र, मंतरलेल्या अंगठ्या विकणाऱ्या दुकानाला पत्र, भुताखेतांचा कार्यक्रम दाखवणाऱ्या टीव्हीवाल्यांना पत्र. ते मराठीत सांगायचे, सुमेधा इंग्रजीत टाइप करायची आणि सोमवारी लायब्ररीत जाताना पेटीत टाकायची. बारा वर्षांची असल्यापासून तिचं हे काम. "माझ्या पोरीच्या हातून गेलेलं पत्र पोचतंच," असं ते हॉलमध्ये चारचौघांना सांगायचे.

त्या रविवारी ते म्हणाले, "घे. कौन्सिलला लिही. विषय, एव्हलिन थिएटरची फसवी जाहिरात."

बाबांची बस त्याच रस्त्याने जायची, हे सुमेधाच्या लक्षातच आलं नव्हतं. तिने पत्र टाइप केलं, पाकीट बंद केलं, तिकीट लावलं. सोमवारी पेटीपाशी थांबली. आणि तसंच ते पर्समध्ये ठेवून पुढे गेली.

आधी जरा तपासून तर बघू, असं तिने स्वतःला समजावलं. तपासायलाच तर शिकवलंय बाबांनी! जेवणाच्या सुट्टीत तिने नॉटिंगहॅमच्या जुन्या पेपरांच्या मायक्रोफिल्म मशीनवर चढवल्या आणि १९५३ सालचे बारा महिने डोळ्यांखालून घातले. पियानोचं नाव नाही.

"नाही सापडलं," गुरुवारी तिने शिडीखालून सांगितलं.

"अरे! मग लेस्टर असेल," तो शांतपणे म्हणाला. "थर्टी-एट. मिलमधली मुलगी, मेल्यावर तीन दिवस कामावर येत होती."

"तीन दिवस? का? पगार राहिला होता?"

"तू फार प्रश्न विचारते."

"आणि तू फार थापा मारतोस."

पुढच्या गुरुवारी कार्डिफच्या हॉस्पिटलमधली एक लिफ्ट निघाली, आपोआप चौथ्या मजल्यावर जाणारी. ती तर म्हणे त्याच्या डॉक्टर वडिलांनी स्वतः पाहिली होती. तेव्हा मात्र शशी शिडीवरून उतरून तिच्याशेजारी आडोशाला उभा राहिला आणि कान पकडून म्हणाला, "खरं सांगू? पिक्चरवाल्यांनी असं काही म्हटलंच नाही. ती लाइन माझ्या डोक्यातली. आधी थिएटरमध्ये अकरा माणसं असायची. आता दोनशे."

"अरे, पण ही फसवणूक आहे!"

"आहे ना." त्याने मान खाली घातली. "मी फार्मसी सोडून इथे आलो. बाबा म्हणाले, ख्रिसमसपर्यंत जॉब टिकला तर ठीक, नाहीतर परत कार्डिफ. मला पिक्चर आवडतात, सुमेधा. अंधार झाला ना, की माणसं एकमेकांचे हात धरतात. अनोळखी पण. ते मला मागून दिसतं..."

मागच्या गुरुवारी विचारून घेतलेलं तिचं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं, आणि तेवढ्यानेच तिला कसंतरीच झालं. पर्समधलं पाकीट मणभर जड झालं. ते पेटीत पडलं तर शशीची नोकरी जाणार, आणि शशी कार्डिफला. नाही पडलं तर बाबांशी खोटेपणा. ज्या बाबांनी तिला आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, खरं बोल.

"काय गं, उत्तर आलं का कौन्सिलचं?" ते रोज विचारायचे.

"नाही आलं, बाबा."

शब्द खरे, बोलणं खोटं!

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी यादवरावांचा पारा चढला. "तीन आठवडे झाले! त्या ऑफिसात कुणीतरी पत्र दाबलंय. आपल्या माणसाचं पत्र म्हटल्यावर टोपलीत टाकायचं, होय? घे, लिही. मेयरला लिही. त्या क्लार्कची चौकशी झाली पाहिजे."

सुमेधाने टाइपरायटरवरचे हात मागे घेतले. कुठला क्लार्क? कुठल्या बिचाऱ्याने काय दाबलं होतं? डोकं दुखतंय असं सांगून ती उठली, आणि गुरुवारी शशीला तिने सगळं सांगून टाकलं. पर्समधलं पाकीट काढून त्याच्या हातात ठेवलं.

शशी ते उलटसुलट करून बघत राहिला.

"तीन वीक? माझ्यासाठी तू तुझ्या बाबांशी खोटं बोलली?"

"हो."

"तू? पियानोसाठी अख्खं वर्ष वाचणारी तू?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शशीने पाकीट तिच्या हातात परत दिलं, शिडी उचलली, वर चढला आणि एकेक अक्षर काढायला लागला. खालून मॅनेजर मिस्टर पिकरिंग ओरडत होते, की उद्याचं तिकीट कोण घेणार, डोकं फिरलंय का तुझं? शशी उतरला, अक्षरांची चळत त्यांच्या हातात दिली आणि शांतपणे म्हणाला की ही ओळ खोटी आहे, ती पुन्हा मी लावणार नाही. मिस्टर पिकरिंगनी त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं.

त्याच संध्याकाळी सुमेधाने बाबांसमोर पाकीट ठेवलं. यादवरावांनी चष्मा लावला, कौन्सिलचा पत्ता वाचला, तिकिटावर पोस्टाचा शिक्का उमटलेला नाही हे बघितलं.

"का?" त्यांनी विचारलं.

"त्याची नोकरी गेली असती, बाबा. त्या शिडीवरच्या मुलाची."

"एवढंच?"

"...एवढंच."

यादवराव चष्मा काढून आत निघून गेले. शुक्रवार अबोल्यातच गेला. आई दोघांना वाढायची आणि मधेच उसासा टाकायची.

शनिवारी दुपारी दारावरची बेल वाजली. दारात शशी, हातात फुलांचा एक ओला गुच्छ, आणि तो कुणाला द्यायचा हेच त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने तो सुमेधाच्या आईला दिला.

"काका, चूक माझा आहे," तो यादवरावांना म्हणाला. "सुमेधाचा नाही. पाटीवर मी खोटं लिहिलं. तुम्ही लेटर पाठवा. मी सही पण करतो, विटनेस म्हणून."

"नोकरीचं काय?"

"गेली, काका. सोमवारी कार्डिफला जातोय. सव्वादहाची ट्रेन."

यादवराव हं म्हणाले. चहा आला. त्यांनी फार्मसीबद्दल विचारलं, कार्डिफच्या हवेबद्दल विचारलं. आडनाव मात्र विचारलं नाही, हे सुमेधाच्या लक्षात आलं. तासाभराने शशी उठला, जाताना तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. बाबा काही बोलतील म्हणून ती वाट बघत राहिली, पण त्यांनी पेपर उघडला होता.

सोमवारी सकाळी ती लायब्ररीत गेलीच नाही. पाय तिला सरळ स्टेशनवर घेऊन गेले. धुक्यात प्लॅटफॉर्मवर शशी सूटकेसवर बसला होता. तिला पाहून तो इतक्या घाईने उठला की सूटकेस आडवी झाली.

"बाय म्हणायला आलीस?"

"हो."

"मग म्हण."

ती म्हणेना. गाडी आली. दारं उघडली. तो चढला, खिडकीची काच खाली करून उभा राहिला. शिट्टी वाजली... आणि काय झालं कोण जाणे, सुमेधाने दार उघडलं आणि आत उडी मारली.

"अगं! तिकीट?"

"नाही."

"कोट?"

"घाईत राहिला."

"बर्मिंगहॅमपर्यंत थांबणार नाही ही!"

"मग बर्मिंगहॅमपर्यंत येते," ती म्हणाली आणि त्याच्या समोर जाऊन बसली.

न्यूनीटन स्टेशन आलं, गेलं. मुळात तिथे गाडी थांबलीच, म्हणजे शशीची ती थापही गेली. दोघं खिडकीबाहेर बघत होते. शेवटी सुमेधाच म्हणाली, "दर गुरुवारी मी काही तुझ्या थापा तपासायला येत नव्हते."

"मला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"मी काही बोललो तर तू पुरावा मागते. मला भीती वाटायची..." तो पुढे वाकला. आता डोळ्यांत मिश्कीलपणा नव्हता. "आय लव्ह यू, सुमेधा. मराठीत कसं म्हणतात, आमच्या घरी कुणी म्हटलंच नाही."

"आमच्याही घरी नाही," ती म्हणाली. आणि मग अगदी सरळ, बाबांनी शिकवलं होतं तसं: "मला तू आवडतोस, शशी. खूप. तू गेलास तर मला करमणार नाही."

त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि बर्मिंगहॅम येईपर्यंत सोडले नाहीत.

कार्डिफच्या गाडीला अर्धा तास होता. त्याचा कोट खांद्यावर घेऊन सुमेधा फोनबॉक्समध्ये शिरली. यादवरावांची दुपारची पाळी, ते घरीच असणार. शशी दार धरून उभा राहिला.

"बाबा, मी बर्मिंगहॅमला आहे."

"बर्मिंगहॅमला? कशाला?"

आता एखादी थाप किती सोपी होती! लायब्ररीचं काम निघालं, एका शब्दात सुटका. सुमेधाने डोळे मिटले.

"शशीला सोडायला आले. त्या दिवशी तुम्ही 'एवढंच?' असं विचारलंत ना, तेव्हा मी परत खोटं बोलले. एवढंच नव्हतं. त्याच्यावर प्रेम आहे माझं."

फोन पिप-पिप करायला लागला, शशीने धडपडत खिशातलं नाणं आत टाकलं. सुमेधाला वाटलं, बाबांनी ठेवून दिला.

मग आवाज आला, जरा घोगरा. "काही खाल्लंस का?"

"नाही, बाबा." ती रडायलाच लागली.

"खाऊन घे. दोघंही खा. आणि दे त्याला."

शशीने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "हो काका... हो... नाही काका... हो... नक्की." एवढंच. त्याने रिसीव्हर जागेवर ठेवला. चेहरा पांढराफटक.

"काय म्हणाले? सांग ना!"

"म्हणाले, नाताळात घरी ये. आणि येताना आईवडिलांना घेऊन ये."

सुमेधा रडता रडता खदखदून हसली. "मग असा काय घाबरलास?"

"घाबरू नको?" शशी फोनबॉक्सच्या काचेला टेकला. "भुतांचे एवढे पिक्चर दाखवले गं मी... पण हे खरंच घडतंय!"