बुकात राहिलेलं नाव

दिवा बारीकच राहू दे, डास येतात. खालच्या आळीतला कमलेश घरत तुम्हाला ठाऊक आहे, बंदरातून ट्रेलर चालवतो तो. हे त्यानं स्वतः मला सांगितलं. सांगताना माझा हात धरून ठेवला होता.

गेल्या डिसेंबरातली बारा तारीख, शुक्रवार. कमलेश कंटेनर घेऊन पार पूर्वेकडच्या एका मोठ्या शहरात गेला होता. शहराचं नाव सांगत नाही, उगाच मोबाईलवर शोधत बसाल. माल उतरायला दिवस लागणार होता, आणि गावानं त्याच्यावर एक काम सोपवलं होतं. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात मिठागरांच्या सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मोजणीचं छापील बुक होतं. आपल्या गावठाणाची सुनावणी लागली होती, आणि गाव तेव्हापासून इथंच आहे याला दुसरा पुरावा उरला नव्हता. त्या पानाची झेरॉक्स हवी होती.

ग्रंथालय कसलं, राजवाडाच तो. आधार कार्ड दाखवून कमलेशनं एका दिवसाचा पास काढला, चिठ्ठी भरली. बुक यायला दोन तास गेले. साडेचारला शिक्क्यासकट झेरॉक्स हातात पडली. ती प्लास्टिकमध्ये घालून त्यानं खिशात ठेवली.

तेव्हाच निघायला हवं होतं त्यानं. पण बुकात खापरपणजोबाचं नाव दिसलं, मग शेजारच्या घराचं, मग पुढचं... बसला वाचत. तिकडे सूर्य लवकर बुडतो. सव्वापाचला खिडक्या काळ्या झाल्या.

"कनच्या गावचा रं तू?"

समोरच्या खुर्चीत एक म्हातारा. उघडाबंब, कमरेला आखूड पंचा. एवढ्या लांब आपली आगरी बोली! कमलेशला इतका आनंद झाला, की या वेषात ह्याला आत कुणी सोडलं, हे डोक्यातही आलं नाही. त्यानं गाव सांगितलं.

"मना वाचता येत नाय," म्हातारा म्हणाला. "नावा वाच."

कमलेशनं वाचली. चव्वेचाळीस नावं.

"परत वाच."

तिसऱ्यांदा वाचून त्यानं मान वर केली. दिवा फक्त त्यांच्याच टेबलावर होता. बाकी खुर्च्या रिकाम्या. "बाबा, मी निघतो," म्हणून तो दाराकडे गेला. दार बाहेरून बंद. बडवलं. हाका मारल्या. मोबाईलला रेंज नाही. कपाटांच्या रांगेतून तो दुसऱ्या दाराकडे धावला. रांग संपली... समोर तेच टेबल. म्हातारा तसाच बसलेला.

"वाच."

किती वेळा वाचलं, त्याला सांगता येत नाही. घसा सुकला. थांबला, की म्हातारा जरा जवळ. न उठता. न हलता.

शेवटी कमलेशला रडू फुटलं. "बाबा, कोनाला शोधताव?"

"मनाच."

"मोजनीचा सायेब आला त्या दिशी मी मिठाच्या आगरान होतो. खाडीचा बांध फुटलेला. सगल्यांची नावा लिवली, माझा राहिला. सायेब बुक घेऊन गेला. मी मागं मागं आलो."

"तुमचा नाव काय?"

"धर्मा... धर्मा जोमा."

कमलेशनं बुक जवळ ओढलं. एकविसावं नाव वाचलं, जोमा घरत. आणि मग, पानावर नव्हतं ते मोठ्यानं वाचलं.

"धर्मा जोमा घरत."

खांद्यावर हात पडला. कमलेश किंचाळला. पहारेकरी होता. हॉलभर दिवे लख्ख, दारं उघडी. "भाईसाब, आठ बज गए. अकेले किससे बात कर रहे हो?"

"दरवाजा... बंद था."

"मैं तो दोपहर से दरवाजे पर ही बैठा हूँ."

समोरची खुर्ची टेबलाखाली नीट सरकवलेली होती.

कमलेश गाडी घेऊन परतला. वाटेत एकदाही त्यानं ती झेरॉक्स उघडली नाही. सुनावणीच्या दिवशी आपल्या सरपंच क्रांतीताईंच्या हातात दिली. त्यांनी साहेबांपुढे नावं वाचली. शेवटी म्हणाल्या, "पंचेचाळीस."

कमलेश जागचा उठला. कागद बघितला. बाविसावं नाव, बाकीच्यांसारखंच छापील. झेरॉक्स तर साडेचारला काढलेली... म्हातारा यायच्या आधी.

गावठाण राहिलं, ते तुम्ही बघताच आहात. पण त्या दिवशी कागद कमलेशला परत देताना क्रांतीताईंनी आपला अंगठा बघितला. काळा झाला होता. त्या एकाच नावाची शाई अजून ओली होती.